कुठला महिना कुणाला द्यावा?

पत्र थोडक्यात :

लिहिणारी मुलगी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जन्म सांगलीचा, नवव्या वर्षापासून राहणं न्यू जर्सीत. तिला ऑर्थोपेडिक सर्जरीत जायचंय. चौथ्या वर्षात दुसऱ्या हॉस्पिटलांत जाऊन चार-चार आठवड्यांची रोटेशन्स करायची असतात, त्यांचे अर्ज आता सुरू होतील. कॉलेजच्या नियमाने बाहेरची तीन करता येतात, पैशाच्या हिशेबाने कदाचित दोनच. आयटीत असलेल्या बाबांनी एक्सेल शीट केली आहे : प्रोग्रॅमचा (म्हणजे डिग्रीनंतरच्या पाच वर्षांच्या प्रशिक्षणाचा, रेझिडेन्सीचा) राष्ट्रीय क्रमांक, जागा, संशोधन, फेलोशिप कुठे मिळतात, शहर, घरापासूनचं अंतर, आणि प्रत्येकाला गुण. त्यात पहिला आलाय न्यूयॉर्कमधला एक नावाजलेला प्रोग्रॅम. तिचं मन ओढतंय पश्चिमेकडच्या एका काउंटी ट्रॉमा हॉस्पिटलकडे, म्हणजे गंभीर अपघातांच्या सरकारी रुग्णालयाकडे. तिसरं नाव तिच्या कॉलेजपासून तीन तासांवरच्या मध्यम आकाराच्या विद्यापीठाचं. ते डीनने सुचवलंय आणि शीटमध्ये बरंच खाली आहे. "बाबा म्हणतात, संधी आहे तर सगळ्यात वरच्यालाच हात घाल. वरचा प्रोग्रॅम म्हणजे चांगलं ट्रेनिंग, हे तर खरंच ना? मी यांची तुलना नक्की कशावर करू?" आणि ता. क. : "माझी उंची पाच फूट एक इंच आहे. एका सर्जनने हसत हसत विचारलं, निखळलेला हिप तू कसा बसवणार? रोटेशन निवडताना याचाही विचार करायचा का?"

---

आधी बाबांना सांग, शीट चांगली आहे. रेझिडेंट निवडणाऱ्या समितीवर मी बरीच वर्षं बसते आहे, अर्जदारांच्या अशा शीट्स पाहण्यात येतात, आणि बहुतेकांत एवढी शिस्त नसते. तिची अडचण वेगळी आहे. ती पाच वर्षांच्या रेझिडेन्सींची तुलना करते. तुला आत्ता ठरवायचंय ते चार आठवडे कुठे राबायचं एवढंच. पाच वर्षं कुठे काढायची हे पुढच्या हिवाळ्यात मुलाखती संपल्यावर रँक लिस्ट (प्रोग्रॅमांची पसंतीक्रमाची यादी) भरताना ठरेल. तेव्हा ही शीट पुन्हा उघड, उपयोगी पडेल. आत्ता दोनच गोष्टी पाहायच्या : कुठल्या हॉस्पिटलने तुला महिनाभर जवळून पाहिलं तर तुझा जास्तीत जास्त फायदा आहे, आणि कुठलं हॉस्पिटल तू स्वतः जवळून पाहिल्याशिवाय तुला कळणारच नाही.

हे सदर वाचणाऱ्या आई-वडिलांसाठी थोडं मागचं सांगते. ऑर्थोच्या रेझिडेन्सीच्या देशभरात वर्षाला साधारण ९०० जागा असतात आणि अर्ज करणारे त्याच्या दीडपटीच्या आसपास. पूर्वी यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतल्या स्टेप वनचे मार्क चाळणीचं काम करायचे. जानेवारी २०२२ पासून ती परीक्षा नुसती पास-नापास झाली. आता समितीसमोर येणारी मुलं सगळीच हुशार, सगळ्यांचे शोधनिबंध छापलेले, सगळ्यांची शिफारसपत्रं गोड. मग विश्वास ठेवायचा कुणावर? ज्याला पहाटे पाचला वॉर्डात पाहिलंय त्याच्यावर. म्हणून ऑर्थोत या बाहेरच्या रोटेशनला एवढा भाव. चार आठवडे चालणारा हा पाहण्याचा कार्यक्रम आहे : पोहे तूच करायचे, तूच वाढायचे, भांडीही तूच घासायची, आणि समोर बसलेली माणसं रोज वेगळी.

आता 'हात घाल' या सल्ल्याकडे वळू. त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की रोटेशन केलं म्हणजे तिथला चान्स वाढतोच. वाढतो, तसा कमीही होतो. ज्यांनी तुला कधी पाहिलंच नाही ते तुझा उत्तम अर्ज बघून मुलाखतीला बोलावू शकतात. ज्यांनी महिनाभर पाहिलं आणि 'बरी आहे' यापलीकडे काही आठवलं नाही, त्यांच्या यादीत तू खाली जातेस. काही प्रोग्रॅम रोटेशन केलेल्या प्रत्येकाला मुलाखत देतात, काही देत नाहीत. अर्ज करायच्या आधीच हे विचारून घ्यायचं असतं.

आणि हिशेब मांड. समज, एका मोठ्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला सहा जागा आहेत आणि जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला आठ बाहेरचे विद्यार्थी येतात. हे झाले ३२. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजचे चार-पाच वेगळे, आणि रोटेशन न करता नुसता अर्ज टाकणारे काहीशे आणखी वेगळे. आठ जणांच्या घोळक्यात कोण कुठून आलंय हे अटेंडिंगला, म्हणजे वरिष्ठ सर्जनला, शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. दुसरीकडे चार जागांचा प्रोग्रॅम, महिन्याला दोनच पाहुणे : तिथे तिसऱ्या दिवशी ओआरमधल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) नर्ससुद्धा तुला नावाने हाक मारतात. हे आकडे गुपित नसतात. प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला दोन ओळींची मेल टाक : महिन्याला किती विद्यार्थी घेता, आणि गेल्या तीन वर्षांत आलेल्या रेझिडेंटपैकी किती जणांनी तुमच्याकडे रोटेशन केलं होतं? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शीटमध्ये एक नवा रकाना घाल आणि त्याला राष्ट्रीय क्रमांकापेक्षा जास्त गुण दे.

त्या क्रमांकाबद्दलही एक सांगायला हवं. डॉक्सिमिटी या डॉक्टरांच्या संकेतस्थळाची जी यादी सगळे बघतात ती बऱ्याच अंशी डॉक्टरांच्या मतांवर उभी आहे. जुन्या आणि मोठ्या प्रोग्रॅमांना त्यात साहजिकच फायदा होतो. नाव खोटं नसतं, पण 'चांगलं ट्रेनिंग' हे उत्तर ते देत नाही, कारण प्रश्नच अर्धा आहे : चांगलं ट्रेनिंग कशाचं?

न्यूयॉर्कचं हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी घे. १८६३ साली सुरू झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल. गुडघे आणि हिप बदलणं, खांदे, पाठीचा कणा, खेळाडूंच्या दुखापती अशा ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया तिथे प्रचंड संख्येने होतात, आणि सांध्याच्या एखाद्या अवघड केससाठी जगभरातून माणसं येतात. सिॲटलचं हार्बरव्ह्यू अगदी दुसऱ्या टोकाला. वॉशिंग्टन, अलास्का, मोन्टाना आणि आयडाहो या चार राज्यांतले गंभीर अपघात तिथे येतात. लाकूडतोडीत चिरडलेला पाय, हायवेवर फुटलेला पेल्व्हिस, रात्री अडीचला हेलिकॉप्टरने. मेम्फिसचं कॅम्पबेल क्लिनिक १९०९ पासूनचं. त्याचं वळण आणखी निराळं. मेयो क्लिनिकमध्ये रेझिडेंट एकेका वरिष्ठ सर्जनशी जोडलेला असतो, त्याच्याबरोबर क्लिनिक, त्याच्याबरोबर ओआर. आयोवा विद्यापीठात डॉ. पोन्सेटींनी जन्मतः वळलेल्या पावलावर प्लास्टरने उपचार करण्याची पद्धत बसवली. आज ती आपल्या महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतही वापरतात. यातला कुठलाच प्रोग्रॅम वाईट नाही. पण प्रत्येकातून बाहेर पडणारा सर्जन वेगळ्या वळणाचा असतो, आणि एक ते दहा अशा एका ओळीत त्यांना उभं करण्यात फारसा अर्थ नाही.

विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येतं, हाही फरक मोठा. नावाजलेल्या स्पेशालिटी हॉस्पिटलांत फेलो, म्हणजे रेझिडेन्सी संपवून पुढचं खास शिक्षण घेणारे, भरपूर असतात. टेबलाशी अटेंडिंग, त्याच्या समोर फेलो, बाजूला सीनियर रेझिडेंट, मग ज्युनियर, आणि तू पाचवी. तुझ्या हातात रिट्रॅक्टर, आणि डोळ्यांसमोर ज्युनियरची पाठ. शिकायला तिथेही मिळतं. अशा खोलीत प्रत्येक हालचाल किती विचारपूर्वक होते हे पाहणं हेच एक शिक्षण आहे. पण तुला पाहायला तिथे कुणाला सवड नसते. काउंटी हॉस्पिटलात रात्री माणसं कमी आणि हाडं मोडलेली जास्त. तिथे विद्यार्थ्याला काम पडतंच.

आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. जानेवारीतली रात्र, बर्फावर घसरलेल्या एक आजी इमर्जन्सीत, मनगट मागे वाकलेलं. रेझिडेंटने मोडलेल्या जागी भूल दिली, बोटं जाळीच्या टोप्यांत अडकवून हात वर टांगला, दंडाला वजन लावलं. मग ओढून, अंगठ्याने दाबून हाड जागेवर आणलं, आणि ओलं प्लास्टर गुंडाळताना तळहाताने तीन ठिकाणी दाब धरून ठेवला. मुलीने तोवर कोपर धरलं होतं. एक्स-रे झकास आला. तेवढ्यात रेझिडेंटला दुसरीकडून कॉल आला आणि तो गेला. साधारण अर्ध्या तासाने ही मुलगी कुणी न सांगता परत त्या आजींच्या खाटेशी गेली. बोटांची नखं दाबून रंग परत येतोय का पाहिलं, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येताहेत का विचारलं. येत होत्या. तिने स्वतः पट्टी सोडली नाही, रेझिडेंटला बोलावलं. त्याने बाहेरची पट्टी कापून सैल केली, मुंग्या थांबल्या. सकाळच्या राउंडला मुलगी यातलं अक्षर बोलली नाही. रेझिडेंटने सांगितलं. पुढे समितीत तिचं नाव आलं तेव्हा चर्चा फार वेळ चाललीच नाही.

तर तुलना करायची ती या गोष्टींची : विद्यार्थ्याला रात्रीच्या कॉलला जाता येतं का, आणि किती रात्री? एका रेझिडेंटबरोबर एकच विद्यार्थी असतो की तिघं-चौघं मागे फिरतात? चार आठवडे एकाच टीमबरोबर की दर आठवड्याला नवी टीम? दर आठवड्याला टीम बदलली तर लेटर लिहिण्याइतकं तुला कुणीच ओळखणार नाही. ऑर्थोत हल्ली ठरावीक नमुन्याचं शिफारसपत्र चालतं. त्यात तुझी तुलना थेट इतर अर्जदारांशी करावी लागते, त्यामुळे तुला जेमतेम ओळखणाऱ्या मोठ्या माणसाचं पत्र कोरडं वाचतं. या प्रश्नांची उत्तरं वेबसाइटवर नसतात. तुझ्या कॉलेजमधून एक-दोन वर्षं आधी ऑर्थोत गेलेल्यांना फोन कर. मेल नको, फोनच कर. जे लेखी द्यायला माणूस कचरतो ते फोनवर सहज सांगून जातो.

तिथे पोचल्यावर तू काय पाहायचं? केस लॉगचे, म्हणजे रेझिडेंटने केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदीचे, आकडे सगळे दाखवतात. कुठल्या शस्त्रक्रिया किमान किती झाल्याच पाहिजेत हे रेझिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एसीजीएमईने ठरवून दिलंय आणि तो किमान आकडा बहुतेक सगळीकडे भरतो. ड्रिल कुणाच्या हातात होतं हे लॉगमध्ये नीट कळत नाही, ते ओआरमध्ये उभं राहूनच दिसतं. तिसऱ्या वर्षाचा रेझिडेंट मांडीच्या हाडात नेल (धातूची सळई) घालताना अटेंडिंगचे हात कुठे आहेत ते बघ. सकाळच्या फ्रॅक्चर कॉन्फरन्समध्ये इंटर्न (पहिल्या वर्षाचा रेझिडेंट) एक्स-रे मांडतो, वर्गीकरण चुकतो, अटेंडिंग त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरतो. हे सगळीकडे होतं, त्यावरून मत बनवू नकोस. कॉन्फरन्स संपल्यावर चीफ (शेवटच्या वर्षाचा रेझिडेंट) त्या इंटर्नकडे जातो का, आणि काय बोलतो, ते बघ. गेल्या पाच वर्षांत प्रोग्रॅम अर्धवट सोडून कुणी गेलं का, हे जेवताना सहज विचार. आठवड्याला ८० तासांची मर्यादा २००३ पासून आहे. रेझिडेंट तास खरे लिहितात की सोयीचे, हे तुला दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपोआप कळेल.

महिन्यांचा क्रम हा बाबांच्या शीटमध्ये नसलेला आणखी एक रकाना. जुलैत शक्यतो स्वतःच्या कॉलेजमध्ये कर. तिथे चुका पोटात घालणारी माणसं आहेत. टाके कापणं, स्प्लिंट बांधणं, सी-आर्मच्या (थिएटरातल्या एक्स-रे यंत्राच्या) मध्ये न येणं, पहाटेची यादी वेळेत तयार करणं हे सगळं हाताला तिथे बसू दे. कोटाच्या खिशात गॉझ, टेप आणि कात्री कायम ठेवायची हेही तिथेच अंगवळणी पडेल. जुलैत देशभर सगळे इंटर्न नवे असतात, त्यामुळे नवखेपणा खपून जातो, पण शिकवायला कुणाला वेळ नसतो. जिथे मनापासून जायचंय ते हॉस्पिटल बाहेरचं पहिलं ठेवू नकोस. दुसरं ठेव. प्रोग्रॅम अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस उघडतात, तोवर घरचं एक आणि ऑगस्टचं एक अशी दोन भक्कम लेटर्स हातात असावीत. सप्टेंबरच्या हॉस्पिटलचं पत्र उशिरा पोचलं तरी बिघडत नाही, तिथल्या लोकांनी तुला स्वतः पाहिलेलं असतं. ऑक्टोबरचं रोटेशन लेटरसाठी उशिराचं, बघण्यासाठी आणि दिसण्यासाठी ठीक.

आणखी एक गृहीतक सगळेच धरतात, की निवड आपल्याच हातात आहे. व्हीएसएलओ या पोर्टलवर अर्ज टाकलास तरी बोलावणं कधी येईल, कुठल्या महिन्यासाठी येईल, यावर तुझा ताबा नाही. एका ठिकाणचं ऑगस्टचं बोलावणं येतं, हो-नाही कळवायला थोडेच दिवस देतात, आणि मनातल्या हॉस्पिटलचं उत्तर अजून आलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक महिन्यासाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज असू दे. पण एकदा 'हो' म्हटलं की मोडू नकोस. कोऑर्डिनेटर एकमेकींना ओळखतात आणि ऑर्थोचं जग फार लहान आहे.

पैशाचं. न्यूयॉर्कच्या बाजूने तू लिहिलंयस की न्यू जर्सीत आई-बाबांकडे राहता येईल, भाडं वाचेल. जरा घड्याळ लाव. पहाटे पाचला वॉर्डात यादी तयार पाहिजे. मॅनहॅटनच्या ईस्ट साइडला त्या वेळी पोचायचं तर घरून साडेतीनच्या आधी निघायला हवं, आणि परत येताना रात्रीचे आठ-नऊ. आईच्या हातचं जेवण गार होऊन वाट बघत असेल आणि तू ट्रेनमध्ये झोपून स्टेशन चुकवशील. हॉस्पिटलजवळ खोली घ्यावीच लागेल हे धरून हिशेब कर. तीन तासांवरचं विद्यापीठ इथे सरळ जिंकतं : स्वतःची गाडी, स्वस्त खोली. प्रदेशाशी नातं असलेल्या उमेदवाराकडे प्रोग्रॅम अधिक विश्वासाने बघतात, तिथेही तुझी बाजू भक्कम आहे. तीन वर्षं तू त्याच भागात शिकते आहेस. न्यू जर्सीत घर असल्याने पूर्वेकडचे प्रोग्रॅमही तुला परकी धरणार नाहीत, तिथे रोटेशन केलं नाहीस तरी.

उंचीबद्दल. निखळलेला हिप बसवायला लागते ती व्यवस्थित भूल, स्नायू सैल झालेला पेशंट आणि तरफ. स्ट्रेचर खाली घ्यायचं, एक पाय त्यावर ठेवायचा, पेशंटच्या गुडघ्याखाली आपला गुडघा सरकवायचा आणि आपली टाच उचलायची. दंडातला जोर फार लागत नाही. ही पद्धत कॅप्टन मॉर्गन या नावाने ओळखली जाते. पुढच्या वेळी त्या सर्जनला तसंच उत्तर दे. रुथ जॅक्सन १९३७ साली बोर्डाची मान्यता मिळवणाऱ्या पहिल्या महिला ऑर्थोपेडिक सर्जन झाल्या. आज इतक्या वर्षांनीही या देशात प्रॅक्टिस करणाऱ्या ऑर्थो सर्जनांत बायका दहा टक्क्यांच्या आतच आहेत. तेव्हा विचार करायचा का, तर हो, पण उंचीचा नको. रेझिडेंटमध्ये बायका किती, आणि त्या पाचही वर्षांत पसरलेल्या आहेत की नुकत्याच एकदम घेतल्यात? रेझिडेन्सीत असताना कुणाला मूल झालं का, तेव्हा कॉलचं वेळापत्रक कुणी सांभाळलं? प्रशिक्षणाच्या काळात किमान सहा आठवड्यांची पालकत्वाची रजा बोर्डांनी मान्य करायला हवी, असा एबीएमएसचा (वैद्यकीय शाखांच्या बोर्डांच्या शिखर संस्थेचा) नियम २०२१ पासून आहे. तो कागदावर आहे की वापरलाही गेलाय? तुझ्या मापाचा लेड एप्रन आहे का, की खांद्यावरून घसरणारा, काखेत उघडा पडणारा एखादा मोठा गळ्यात अडकवतात? ओआरमध्ये पायाखाली स्टूल मागितलं तर ते मुकाट्याने येतं की विनोदासकट येतं? रुथ जॅक्सन यांच्या नावाची महिला सर्जनांची संस्था १९८३ पासून आहे. तिच्यातून तुझ्या यादीतल्या हॉस्पिटलांतली एखादी रेझिडेंट गाठ आणि हे प्रश्न तिलाच विचार.

आता माझं मत. जुलै घरी, ऑगस्ट तीन तासांवरच्या विद्यापीठात, सप्टेंबर काउंटी ट्रॉमात. न्यूयॉर्कला रोटेशन नको, सिग्नल दे. ऑर्थोत २०२२ च्या फेरीपासून प्रत्येक अर्जदाराला ३० सिग्नल मिळतात, म्हणजे अर्ज करतानाच 'मला तुमच्याकडे खरंच यायचंय' असं कळवण्याची सोय आहे. त्यातला एक न्यूयॉर्कला जाऊ दे. पण स्वतःच्या कॉलेजला आणि जिथे रोटेशन केलंस त्या दोघांनाही सिग्नल द्यायला विसरू नकोस. 'त्यांना तर माहीतच आहे' म्हणून बरेच जण तिथेच गाळतात. न्यूयॉर्कने मुलाखतीला बोलावलं आणि तुला ते आवडलं, तर रँक लिस्टवर बिनधास्त पहिलं टाक. मॅचचं, म्हणजे अर्जदारांच्या आणि प्रोग्रॅमांच्या याद्या जुळवून जागा वाटण्याचं, गणित अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतं. वर मोठं नाव लिहिलं म्हणून खालची जागा हातची जात नाही. हे बाबांना पटवायला एक माहिती : या गणिताची आजची मांडणी करणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना अशाच कामासाठी २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयटीवाल्या माणसाला हा अल्गोरिदम एका संध्याकाळीत समजेल, आणि मग ते तुलाच समजावून सांगतील.

काउंटी हॉस्पिटलबद्दल मात्र एक विचारते. तुझं मन तिकडे ओढतंय ते नक्की कशामुळे? ट्रॉमा दुरून फार थरारक दिसतो. चौथ्या रात्री, तिसऱ्या दारू प्यायलेल्या माणसाचा घोटा बसवताना, तो शिव्या देत असताना, तो थरार उरतो का हे तुलाही ठाऊक नाही. म्हणून तर सप्टेंबर तिकडे द्यायचा. नाही आवडलं तर बाहेर पडताना तुझ्या हातात ऑगस्टचं चांगलं लेटर असेलच. बाबांना नावाची चिंता असेल तर एवढं सांग, की ऑर्थोचे बहुतेक रेझिडेंट पाच वर्षांनंतर आणखी वर्षभराची फेलोशिप करतात. न्यूयॉर्कचं नाव तेव्हाही लावता येतं. माझ्या पेशंटांनी मला रेझिडेन्सी कुठे केली हे विचारल्याचं आठवत नाही. कामावर परत कधी जाता येईल, एवढंच विचारतात.

महाराष्ट्रातून एमबीबीएस करणाऱ्यांचीही पत्रं असतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. बाहेरच्या विद्यार्थ्यांना इलेक्टिव्ह देणारी हॉस्पिटलं सहसा अंतिम वर्षात शिकत असलेल्यांनाच घेतात. डिग्री हातात पडली की तो दरवाजा बंद होतो आणि उरते नुसतं बघत उभं राहण्याची ऑब्झर्व्हरशिप. तिला या रोटेशनचं वजन नाही. परदेशी पदवीवर थेट ऑर्थोची रेझिडेन्सी मिळणं फारच दुर्मीळ. तिकडे एमएस ऑर्थो करून फेलोशिपसाठी इकडे येण्याची वाट जास्त चालती आहे. आणि अमेरिकेतच शिकून जे अजून व्हिसावर आहेत त्यांनी मुलाखतीची वाट न बघता आत्ताच कोऑर्डिनेटरला विचारावं, की प्रोग्रॅम एचवनबी देतो का.

तुला या आठवड्यात करायचं काम : लसीकरणाचे कागद काढ. हेपॅटायटिस बीचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) लागतोच. सांगलीत लहानपणी घेतलेल्या लसींचं पिवळं पडलेलं कार्ड आईच्या कपाटात असलं तरी नुसत्या कार्डावर भागेलच असं नाही, रक्ताची तपासणी करून घे. टायटर कमी आला तर डोस पुन्हा घ्यावे लागतात आणि त्यात महिने जाऊ शकतात. टीबीची चाचणी, मास्कचं फिटिंग, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण), पार्श्वभूमीची तपासणी हे सगळं एका फोल्डरमध्ये असलं की पोर्टल उघडेल त्या दिवशी अर्ज जाईल.